अक्षता पडल्यावरची वीस मिनिटं

लग्नकार्याच्या तयारीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पैशाबद्दलची पत्रं मुद्दाम मागे ठेवली. गोंधळ बहुतेक वेळा घड्याळ आणि माणसं यांचं गणित चुकल्यामुळे होतो.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी १२.१०चा आहे. दोन्हीकडची मिळून ६०० माणसं धरली आहेत. वडिलांना पंगतच हवी, आचारी म्हणतो बुफे ठेवा. आणि ताटं नेमकी किती सांगायची?
— एक वाचक, सातारा

६०० हा आकडा क्षणभर बाजूला ठेवा. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या की एकदम किती माणसं जेवणाकडे वळणार, ते आधी ठरवा. संध्याकाळच्या रिसेप्शनला लोक दोन-अडीच तासांत सुटेसुटे येतात. दुपारच्या मुहूर्ताला सगळे बाराला हजर असतात आणि साडेबाराला सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते. तुमच्याकडे अशी ४५० माणसं तरी धरून चाला.

आता पंगतीचा हिशेब. एका वेळी १५० पानं बसली, तर जेवायला ३५ ते ४० मिनिटं आणि उष्टी काढून पुन्हा पानं मांडायला १० ते १५ मिनिटं, म्हणजे पंगतीला ५० मिनिटं झाली. पहिली १२.३०ला बसली तर चौथी ३ वाजता बसते. तिच्यातली माणसं तोवर खुर्च्यांमागे उभी राहून जेवणाऱ्यांच्या पानांकडे बघत असतात. शिवाय १२ ते १५ पानांमागे एक वाढपी लागतो, पाणी वाढणारे वेगळे. एवढे वाढपी मिळतात का, ते आचाऱ्याला आधी विचारा.

बुफे आपोआप वेगवान असतो असंही नाही. रांग चालते ती सगळ्यात सावकाश वाढल्या जाणाऱ्या पदार्थाच्या गतीने, म्हणजे बहुधा पुरीच्या. माणूस तिथे १०-१२ सेकंद थांबतो, त्यामुळे एका रांगेतून मिनिटाला पाचच जण पुढे सरकतात. दोन रांगा असल्या तर ४५० वा माणूस ४५ मिनिटांनी ताट घेतो, चार असल्या तर २२-२३ मिनिटांनी. चार रांगांना चार टेबलं लागत नाहीत. दोन टेबलं भिंतीपासून सुटी ठेवा आणि दोन्ही बाजूंनी वाढायला माणसं उभी करा. पापड, कोशिंबीर, मठ्ठा आणि पाणी रांगेतून काढून वेगळ्या टेबलांवर न्या. डोशाचा लाइव्ह काउंटर दुपारच्या मुहूर्ताला नकोच. एका तव्यावर तासाला ८०-९० डोसे निघतात आणि मागायला निम्मं कार्यालय येतं.

पुऱ्यांवर लक्ष ठेवा. ४५० माणसांना प्रत्येकी चार म्हणजे १,८०० पुऱ्या, त्याही पाऊण तासात. मिनिटाला ४० झाल्या. मोठ्या कढईतून मिनिटाला १०-१२ निघतात, म्हणजे चार कढया आणि लाटायला तेवढे हात लागणार. आचारी दोनच कढया लावणार असेल तर तो पुऱ्या आधी तळून झाकून ठेवणार, हे उघड आहे. झाकल्या पुरीला आतल्या वाफेचं पाणी सुटतं आणि ती वीस मिनिटांत चामड्यासारखी होते.

१०० माणसांमागे साधारण प्रमाण असं : मसालेभाताला ५ किलो तांदूळ, साध्या भाताला ३ किलो, वरणाला २ किलो तूरडाळ, पुऱ्यांना ८ ते ९ किलो कणीक, भाजीला १० किलो बटाटा, १५ ते २० लिटर मठ्ठा. श्रीखंड आणि जिलबी दोन्ही असतील तर प्रत्येकी १० किलो पुरतं. १० किलो श्रीखंडाला साधारण ५ किलो चक्का आणि तेवढीच साखर लागते. चक्का नीट टांगलेला नसला तर एप्रिल-मेच्या उन्हात श्रीखंड सैल पडून वाटीत वाहायला लागतं. पातेलं बर्फात ठेवायचं, दहा-दहा किलोच बाहेर आणायचं आणि वाटी १०० मिलीची ठेवायची. श्रीखंड संपलं अशी हाकाटी होते ती बहुधा मोठ्या वाट्यांमुळे.

ताटांसाठी यादीचे तीन भाग करा. घरचे आणि जवळचे नातेवाईक पूर्ण धरा. शेजारी, ऑफिस, मित्रमंडळी निम्म्याहून थोडी जास्त. नुसती पत्रिका पाठवलेल्यांपैकी एक-तृतीयांश. दाट तिथीचा दिवस असेल तर तेवढेही येत नाहीत, कारण त्यांच्या हातात त्या दिवशीच्या आणखी दोन पत्रिका असतात. तुमचे ६०० या चाळणीतून बहुधा ५०० च्या आसपास येतील. आचाऱ्याला ५०० ताटं पक्की सांगा, ५० ची तयारी वर ठेवायला सांगा आणि त्या जादा ताटांचा दर आधीच लिहून घ्या. फोटोवाले, बँडवाले, मेकअपवाली, ड्रायव्हर अशी ३०-४० माणसं यादीत कधीच नसतात, ती वेगळी धरा. वाढायला सुरुवात होण्याआधी रिकाम्या ताटांच्या चळती घरच्या एका माणसाने आचाऱ्यासोबत मोजाव्यात आणि शेवटी उरलेल्या मोजाव्यात. ‘किती ताटं उठली’ हा वाद एवढ्याने मिटतो.

आणि वडिलांचं मन राखायचं तर शेवटी ८० पानांची विहिणीची पंगत ठेवा. रांगोळी, पाट, केळीची पानं, डाव्या बाजूला लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आणि आग्रह करायला घरची माणसं. पंगतीची खरी मजा ८० पानांतच आहे.

प्रश्न : मुहूर्त सकाळी ९.४८चा आहे. आदल्या दिवशी हळद आणि सीमांतपूजन, ६० पाहुणे कार्यालयातच मुक्कामाला, खोल्या १२. सकाळचं वेळापत्रक कसं आखावं?
— एक वाचक, नाशिक

मुहूर्तापासून मागे मोजत या. शेवटच्या मंगलाष्टकाला ९.४८ व्हायला हवेत, म्हणजे म्हणायला सुरुवात ९.३५ला. मावशी-आत्यांनी स्वतः रचलेली कडवी असतील तर ती आठवडाभर आधी मोबाइलवर घड्याळ लावून म्हणून घ्या. एकेक कडवं सव्वा ते दीड मिनिट खातं. जादा असतील तर ऐनवेळी कुणाचं तरी गाळावं लागतं आणि ते कोणाचं गाळलं हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं.

वधूने ८.५०ला गौरीहारासमोर बसायचं तर मेकअप आणि केसांना दोन तास, नऊवारी नेसवायला ३०-४० मिनिटं, म्हणजे सुरुवात ६ वाजता. देवक, पुण्याहवाचन आदल्या दिवशी उरकत नसेल तर आईवडील ७ला पाटावर हवेत.

पण खरी अडचण आंघोळींची. खोलीत पाच माणसं आणि १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर. तो पुन्हा तापायला १८-२० मिनिटं घेतो. पाच आंघोळी म्हणजे १०० मिनिटं. पहिली ५ वाजता झाली तरच पाचवी ६.४० पर्यंत आटोपते. आणि बाराही गीझर एकदम चालू झाले की २४ किलोवॉटचा भार पडतो. त्यात खालच्या स्वयंपाकघरातली यंत्रं सुरू असली की मेन स्विच पडतो आणि कार्यालयभर अंधार. व्यवस्थापकाला जोडभार, म्हणजे कार्यालयाच्या वीजजोडणीला किती किलोवॉट झेपतात ते, विचारून घ्या. नाहीतर आचाऱ्याला दोन मोठी पातेली पाणी पहाटे ४.३० पासून तापत ठेवायला सांगा, आणि मुलांना रात्रीच आंघोळीला पिटाळा.

९.४८ नंतर लगेच कोणी जेवत नाही. नाश्ता ९.१५ पर्यंत, अक्षतांनंतर पन्हं किंवा कॉफी, जेवण ११.१५ पासून. कन्यादान ते सप्तपदी दीड-दोन तास चालतं. नंतर वधू साडी बदलते, त्याला अर्धा तास. भेटायला थांबलेली १३० कुटुंबं फोटोसह ४० सेकंद धरली तरी दीड तास लागतो. विधी सुरू होण्याआधी २० मिनिटं भेटीगाठींना मिळतील का, ते गुरुजींना आधीच विचारा. बरेच गुरुजी देतात. लांबच्या गावची माणसं तेवढ्यात मोकळी होतात.

प्रश्न : पुण्यात उघड्या लॉनवर मे महिन्यात रिसेप्शन आहे. लॉनवाला म्हणतो जनरेटर आहे, काळजी करू नका. किती क्षमतेचा पाहावा?
— एक वाचक, पुणे

‘आहे’ या उत्तरावर थांबू नका. प्रत्येक पुरवठादाराकडून त्याचा कमाल भार किलोवॉटमध्ये लिहून घ्या. मध्यम रिसेप्शनला तो साधारण असा येतो : दिवे ६, साउंड १०, एलईडी वॉल ८, मोठे कूलर ८, चहा-कॉफीची आणि गरम ठेवायची यंत्रं ८. एकूण ४० किलोवॉट. याला ०.८ ने (पॉवर फॅक्टरने) भागलं की जनरेटरचं माप येतं, ५० केव्हीए. जनरेटर ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नाही, म्हणून पुन्हा ०.८ ने भागा : ६२.५. याच मापाचा जनरेटर बाजारात मिळतो. तो अशा भाराला ताशी १० ते १२ लिटर डिझेल पितो, तेव्हा डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं, तेही विचारा.

क्षमता पुरेशी असूनही वीज जाते, कारण जनरेटरची वीज तीन वेगळ्या तारांतून, म्हणजे तीन फेजमधून येते आणि सगळा भार एकाच फेजवर टाकलेला असतो. ६२.५ केव्हीएला प्रत्येक फेजवर साधारण ८७ अँपिअर मिळतात. मांडववाल्याने दिवे, साउंड आणि वॉल सगळं जवळच्या एकाच बोर्डात खोचलं की तो फेज पडतो आणि बाकीचे दोन मोकळेच राहतात. कूलर एका फेजवर, साउंड दुसऱ्या, वॉल आणि दिवे तिसऱ्यावर. कूलरच्या मोटरी सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतात, म्हणून एकेक करून सुरू करा. साउंडच्या मिक्सरला आणि वॉलच्या प्रोसेसरला छोटा यूपीएस द्या. नाहीतर दहा सेकंद वीज गेली तरी वॉल पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं जातात.

हिरवळीला पाणी मारणं आदल्या दिवशी सकाळीच थांबवायला सांगा. ओल्या गवतातून गेलेली, जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली वायर दिसली तर काम थांबवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसलेला बोर्ड पाहुण्यांच्या आसपास असता कामा नये. यात भीड ठेवू नका.

प्रश्न : मुलगी डब्लिनला, जावई म्युनिकला. दोघं तीन आठवड्यांच्या रजेवर येणार. त्यांना फक्त नोंदणी विवाह हवा आहे. त्या दिवसांत बसेल का?
— एक वाचक, ठाणे

विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे बसणार नाही. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची तिथे दोघांपैकी एकजण त्याआधी सलग ३० दिवस राहिलेला हवा. नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस जातात. नोटीस तीन महिन्यांपर्यंतच चालते, त्यानंतर पुन्हा द्यावी लागते.

दोघंही हिंदू असतील तर मोजक्या माणसांत वैदिक पद्धतीने लग्न लावून त्याची नोंदणी करणं हा व्यवहार्य मार्ग. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे विवाहाचं ज्ञापन (नोंदणीचा अर्ज) ९० दिवसांत द्यायचं असतं. तीन साक्षीदार लागतात आणि पुरोहितांची सही लागते, म्हणून सही करणारे गुरुजी आधी पक्के करा. लग्न रजेच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, शेवटच्या रविवारी ठेवलंत तर प्रमाणपत्र हातात न घेताच विमान पकडावं लागेल. पत्रिकेत घरातलं लाडकं नाव छापलं तर पासपोर्टवरचं नावही छापा. कार्यालयात अर्ज अडतो तो इथेच. परदेशी व्हिसासाठी या प्रमाणपत्रावर अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लागू शकतं, त्याला वेगळे दिवस धरा.

प्रश्न : कार्यालयाच्या करारात काय बघावं?
— एक वाचक, डोंबिवली

ताबा कधीपासून कधीपर्यंत, आणि उशिराचा ताशी दर. जीएसटी भाड्यात आहे की वर. वीज मीटरप्रमाणे असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्याचा फोटो घ्या. बाहेरचा आचारी आणि डेकोरेटर चालतो का, चालत असेल तर त्याचं शुल्क किती. होम कुठे पेटवायचा, कारण वातानुकूलित हॉलमध्ये आगीच्या सेन्सरमुळे तो नाकारतात. हळदीच्या डागांसाठी अनामतीतून किती कापतात. आणि त्याच दिवशी दुसरा हॉल कुणाला दिलाय का. दोन वरातींना एकच फाटक असलं तर दोन्ही मुहूर्त अडचणीत येतात.

प्रश्न : लॉनवर रात्री डीजे किती वाजेपर्यंत चालतो?
— एक वाचक, कोल्हापूर

१० पर्यंत. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून काही दिवस रात्री १२ पर्यंत मिळणारी सूट जाहीर सण-उत्सवांसाठी असते, घरच्या लग्नाला ती लागू नाही. बंदिस्त सभागृहाला १०ची अट नाही, पण आवाज बाहेर जाता कामा नये. ७.३०ला जेवण आणि ८ला नाच सुरू केला तर दोन तास मिळतात. जेवण लांबलं की ९.३०ला पहिलं गाणं लागतं आणि १०ला पोलीस येतात.

प्रश्न : उरलेलं जेवण एखाद्या संस्थेला द्यायचं आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

संस्थेला आदल्या दिवशीच कळवा आणि त्यांची गाडी जेवण संपण्याच्या वेळी दारात हवी असं सांगा. भात, वरण, भाजी आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यातली, ६० अंशांच्या वर गरम असलेली आणि झाकलेली द्या. दोन तासांहून जास्त बाहेर निवत पडलेला भात देऊ नका आणि घरीही खाऊ नका. श्रीखंड, मठ्ठा, फ्रूट सॅलड बर्फातून बाहेर काढून ठेवलं असेल तर तेही नाही. बुफेच्या टेबलावरचं तर नकोच.