राउटर पुढच्या खोलीत आणि विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप पार मागे असेल, तर वायर न टाकता इंटरनेट कसं जोडायचं? कोणतं डोंगल घ्यावं?

'वायर न टाकता' ही अट आधी काढून टाका. वायरच टाका. आणि 'तो डबा भंगारात घाला, लॅपटॉप घ्या' असं सांगणारे भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. आमच्या घरात हा वाद पुष्कळ चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. बाबा मागच्या पडवीत बसून डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, देवळाच्या उत्सवाच्या पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, सगळं पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (मराठी टायपिंग-फाँटचं सॉफ्टवेअर). वर्षानुवर्षांच्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्या उघडल्या की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. गिऱ्हाईक येतं ते 'गेल्या वर्षीचीच पत्रिका ठेवा, तारीख तेवढी बदला' म्हणत. ते काम जुन्या मशीनवर बसल्या बसल्या होतं. नव्या लॅपटॉपवर मजकूर पुन्हा टाइप करा नाहीतर कन्व्हर्टरने बदलून घ्या, आणि पुन्हा प्रुफं तपासा. हे माहीत नसलेल्या माणसाने त्या मशीनला भंगार म्हणू नये.

इंटरनेट हवं होतं ते पीडीएफ पाठवायला. फायबर आलं तेव्हा जोडणाऱ्याने राउटर ओटीवर लावला, कारण रस्त्यावरच्या खांबावरून केबल तिथेच उतरते. ओटी आणि पडवीच्या मध्ये माजघर आणि स्वयंपाकघर. पुण्याहून दादाने आधी नखाएवढं डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफायचं यंत्र) पाठवलं. त्याला ५ गिगाहर्ट्झ (वायफायचा वेगवान बँड) दिसतच नव्हतं, आणि २.४ ची एखादी काडी दिसली तरी पीडीएफ अर्ध्यावर अडकायची. पावसाळ्यात चिरा ओल धरतो, तेव्हा तीही काडी जायची. मग त्याने रेंज एक्स्टेंडर (वायफायचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) पाठवला. तो माजघरात लावला. पण एक्स्टेंडरला स्वतःलाच सिग्नल धड मिळत नसेल, तर तो पुढे काय देणार? त्यातून एकच रेडिओ असलेला एक्स्टेंडर त्याच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, म्हणजे वेग तिथेच निम्मा. दादा फोनवर रोज नवीन सांगायचा, चॅनेल बदल, ड्रायव्हर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट कर. वायरचं नाव काढलं की म्हणायचा, "अगं, आजकाल वायर कोण टाकतं?"

मी टाकली. कौलारू घरात आतल्या भिंती बहुतेक छपरापर्यंत जात नाहीत, वर मोकळं असतं. त्यामुळे भिंत फोडावीच लागली नाही. ओटीवरून केबल वर चढवली, वाशांच्या कडेने माजघरावरून नेली आणि पडवीत उतरवली. माळ्यावर उंदीर असतात, म्हणून पूर्ण लांबी पीव्हीसी पाइपातून. खाली दिसणाऱ्या भागाला केसिंग पट्टी. लाइटच्या वायरींपासून जरा लांब ठेवली. आधी नुसती केबल ओढून घ्यायची आणि टोकं नंतर क्रिंप करायची (प्लग दाबून बसवायचे), म्हणजे पाइपही बारीक चालतो आणि तयार टोक ओढताना तुटत नाही. क्रिंपिंग बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने येऊन करून दिलं. रंगांचा ठरलेला क्रम दोन्ही टोकांना तोच हवा, एवढं पाहायचं.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, पण शुद्ध तांब्याची. बाजारात सीसीए नावाची स्वस्त केबल मिळते. ती अ‍ॅल्युमिनियमची असते, वर फक्त तांब्याचा मुलामा. वाकवली की आत तुटते. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागतच नाही. आणि खरा फायदा असा की जुन्या डेस्कटॉपला लॅनचं पोर्ट (ही केबल खोचायची जागा) मदरबोर्डवर आधीपासून असतं. विंडोज ७ ला त्याचा ड्रायव्हर बहुधा शोधावा लागत नाही. पासवर्ड नाही, बँड नाही, काही नाही. पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी डीटीपीलाच काय, व्हिडिओ बघायलाही पुरतं. बाबांचं मशीन त्या दिवसापासून एकदाही नेटसाठी अडलेलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. केबल अंगणातून, एका इमारतीतून दुसरीत नेणार असाल, तर तांब्याची नेऊ नका. वळवाच्या विजांत दोन्हीकडची पोर्टं जळू शकतात. तिथे फायबरची तार आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा). घराच्या आत असली तरी ढग गडगडायला लागले की आम्ही दोन्ही टोकं काढून ठेवतो.

आता तुमचा डोंगलचा प्रश्न. घर भाड्याचं असेल आणि मालक खिळाही मारू देत नसेल, तर नाइलाज. मग नखाएवढं घेऊ नका, बाहेर अँटेना असलेलं, दोन्ही बँडचं घ्या. पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे खोचू नका, यूएसबी एक्स्टेंशनने टेबलावर आणा. ड्रायव्हर विंडोज ७ साठी आहे का ते विकत घेण्याआधी बघा, आणि फोनवर उतरवून यूएसबीने मशीनमध्ये टाका. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) वर असेल तर जुनं डोंगल जोडलंच जाणार नाही, डब्ल्यूपीए२ सुरू करा. तोवर अँड्रॉइड फोन वायफायला जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट यूएसबी वायरने मशीनला देणं) केलंत तरी काम निघतं.

जोडल्यावर साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसतील, तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल (तारीख-वेळ जपणारा बटणाएवढा सेल) संपला की जुनं मशीन दर वेळी कुठल्या तरी मागच्या वर्षात सुरू होतं आणि साइटची प्रमाणपत्रं नाकारतं. लोक त्याचाही दोष वायफायला देतात. ब्राउझर म्हणून क्रोम १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. बाबा ते फोनवरच करतात.

दादा आता म्हणतो, मेश (घरभर ठेवायची, मिळून एकच वायफाय देणारी युनिटं) घ्यायला हवं होतं. पण मेशची युनिटंसुद्धा एकमेकांना वायरने जोडली तरच पूर्ण वेग देतात. फिरत्या फोनसाठी मेश घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण जे मशीन वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसलंय, त्याच्यापर्यंत तीच वायर सरळ नेली तर बिघडलं कुठे? तुम्ही राउटरपासून टेबलापर्यंत सुतळी लावून मापून बघा, वळणांसाठी चार-पाच मीटर जास्त धरा आणि तेवढी केबल आणा.