सिंहासन राहू द्या, तारीख सांगा

(तोएई कंपनीची 'चोरिकी सेंताई ओहरेंजर' ही मालिका टीव्ही आसाहीवर १९९५-९६ मध्ये चालली. पुढे अमेरिकेत तिच्यावरून 'पॉवर रेंजर्स झिओ' झाली, तेव्हा तिच्यातलं बारानोइया या यंत्रसाम्राज्याचं राजकुटुंब किंग मोंडो आणि क्वीन मशिना या नावांनी आलं. पत्र मूळ जपानी राणीचं आहे.)

प्रश्न : माझे यजमान, यंत्रसम्राट बॅकस फुंड, ओहरेंजरांशी लढताना गेले. लगेच बॉम्बर द ग्रेट या परक्याने सिंहासन बळकावले. मी आणि लहानगा बुल्डोंट लपून राहिलो. पुढे माझी ऊर्जा देऊन मी मुलाला मोठा केला. त्याने बॉम्बरला हटवले, मल्टीवाला राणी केले, आता त्यांना बाळही झाले आहे. पृथ्वीवरच्या मोडतोडीची भरपाई आम्हा वारसांकडून मागणार असे कानावर आले. बॉम्बरचा हक्क खोटा ठरवला तर आम्ही सुटू का? – हिस्टेरिया, बारानोइया

उत्तर : राणीसाहेब, तुमच्या पत्रात बॉम्बरच्या उद्धटपणाचं सविस्तर वर्णन आहे. यजमान गेल्याचं तुम्हाला कोणत्या दिवशी कळलं, ती तारीख मात्र कुठेच नाही. "जपानमध्ये यजमान वारले, आता त्यांच्या देण्याची नोटीस आली" अशी पत्रं नेहमी येतात आणि बहुतेकांत हीच तारीख गाळलेली असते.

बॉम्बरविरुद्ध जिंकलात तरी हाती काय येणार? यजमानांची मालमत्ता, आणि तिला चिकटलेली त्यांची देणी. म्हणून तो वाद सोडा.

जपानच्या नागरी संहितेचं कलम ९१५ वाचा. वारसा सुरू झाला आणि आपण वारस आहोत, हे कळल्यापासून तीन महिन्यांत वारसाने ठरवायचं असतं : सगळं घ्यायचं, मिळकतीपुरतीच देणी फेडण्याच्या अटीवर घ्यायचं, की वारसाच नाकारायचा. काहीच केलं नाही तर कलम ९२१ प्रमाणे तुम्ही सगळं बिनशर्त घेतलंत असं धरलं जातं. तुमच्या हिशेबाने, आठवड्याला एक भाग धरला, तर तीन महिने म्हणजे तेरा भाग. तेवढे उलटले असतील तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही. देण्यांची कल्पनाच नव्हती अशा वारसांना सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये थोडी वाट करून दिली आहे, पण शहरावर हल्ले करणाऱ्या सम्राटाच्या पत्नीला ती मिळेल असं मला वाटत नाही. मुदत संपत आली असेल तर ती संपायच्या आत वाढवून मागता येते. लपून बसण्याच्या काळात हा एक अर्ज टपालानेही करता आला असता.

आता खरी अडचण. कलम ९२१ चाच पहिला भाग सांगतो की वारसाने मिळकतीतल्या कशाचीही विल्हेवाट लावली, तर तिथेच बिनशर्त स्वीकार झाला. निव्वळ जपणूक चालते, ऐपतीला साजेसा अंत्यविधीचा खर्चही न्यायालयं सहसा चालवून घेतात. पण यंत्रजनावरं, म्हणजे तुमचे लढाऊ यांत्रिक राक्षस, यजमानांच्या मिळकतीतली असतील, तर त्यांना लढाईवर धाडून, आचा या तुमच्या सेवकाने आपल्या जोडीदार कोचाला गरगरा फिरवून त्यांच्यावर फेकून, ती अजस्र करून शेवटी त्यांचा स्फोट होऊ देणं ही जपणूक नव्हे. बॉम्बरने उडवली ती तुमच्या खाती पडत नाहीत, तो वारसच नव्हता. कैसर बुल्डोंटने गादीवर बसून जी वापरली, ती मात्र त्याला भोवणार. चिरंजीव अडकले असं धरून चला.

तुमचं तसं नाही. तुम्ही मुलाला दिली ती स्वतःची ऊर्जा, यजमानांची मिळकत नव्हे. त्यानंतर तुमच्या हुकमाने एकही यंत्रजनावर बाहेर पडलं नसेल आणि मुदत शिल्लक असेल, तर तुम्ही सुटू शकता. मधला मार्ग, म्हणजे मर्यादित स्वीकार, बंद आहे. तो सर्व वारसांनी मिळूनच करावा लागतो आणि एका वारसाने आधीच हात मारलेला आहे.

एक कौटुंबिक परिणाम आधी समजून घ्या, नंतर माझ्या नावाने ओरडू नका. पत्नी आणि मूल यांचा वाटा निम्मा-निम्मा, आणि पैशाची देणीही त्याच प्रमाणात आपोआप वाटली जातात. तुम्ही वारसा नाकारलात की तुम्ही मुळात वारस नव्हतातच असं धरतात, मग सगळं ओझं बुल्डोंटवर. तो चिडेल. तरीही नाकारा. दोघांनी बुडण्यात काय अर्थ आहे?

आणि घरात बसून मुलाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देऊ नका. आपल्याकडेही ही चूक सर्रास होते. वारसांनी आपसात काय ठरवलं त्याच्याशी धनकोला कर्तव्य नसतं. नकार कुटुंब न्यायालयातच नोंदवावा लागतो. अर्ज मृताच्या शेवटच्या निवासाच्या न्यायालयात करायचा. तुमचा राजवाडा चंद्रावर, त्यामुळे जपानमधलं कोणतंच न्यायालय निश्चित होत नसेल तर टोकियो कुटुंब न्यायालय गाठा. माणशी ८०० येनचा रेव्हेन्यू स्टॅम्प, वर टपालखर्च. मृत्यूचा आणि नात्याचा दाखला जोडावा लागेल. कुटुंबनोंदवही नसल्याची सबब तिथे ऐकवू नका, पर्यायी दाखला मिळवा. न्यायालय प्रश्नावली पाठवेल, ती वेळेत भरून परत करा. स्वीकृतीची सूचना यायला आठवडे लागतात आणि तोवर कोणी काही सांगत नाही, पण अर्ज मुदतीत पोचला असेल तर निकालाच्या विलंबाने बिघडत नाही. नंतर १५० येन भरून दाखल्याची प्रत घ्या, भरपाई मागणाऱ्यांना तीच दाखवायची आहे. एकदा नोंदलेला नकार मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. आणि राजवाडा तुमच्या ताब्यात असेल तर तो सोपवेपर्यंत सांभाळायची जबाबदारी तुमचीच, रागाच्या भरात उडवून देऊ नका.

हे सगळं जपानी कायदा लागू होतो असं धरून. तिथल्या नियमाप्रमाणे वारशाला मृताच्या राष्ट्राचा कायदा लागतो. म्हणूनच भारतीय नागरिक टोकियोत वारला तर भारतीय वारसा कायदा पाहावा लागतो, आणि त्यात वारसाचं दायित्व सहसा मिळालेल्या मालमत्तेपुरतं असतं. बारानोइयाचा कायदा काय म्हणतो ते तुम्ही कळवलेलं नाही. यंत्राला मुळात वारस असू शकतो का, हाही वाद निघेल आणि तो कसा सुटेल ते मी सांगू शकत नाही. या शंकांसाठी मुदत मात्र थांबत नाही.

नातवाचं सांगते. बुल्डोंट जिवंत असेपर्यंत बाळ आजोबांचं वारस नाही. पण उद्या बुल्डोंटला काही झालं, तर आजोबांची देणी त्याच्यामार्फत बाळावर येतील. तसं झालं तर मल्टीवाने बुल्डोंटच्या वारशाला स्वतःचा आणि बाळाचा नकार एकाच दिवशी दाखल करावा. तसं केलं तर आई आणि अज्ञान मूल यांच्या हितसंबंधांत टक्कर धरत नाहीत आणि बाळासाठी विशेष प्रतिनिधी नेमून घ्यायची खेप वाचते. बुल्डोंट आणि मल्टीवा दोघंही एकाच वेळी गेली तर बाळाची मुदत त्याच्या पालकाला कळल्यापासून सुरू होईल, आणि पालकच ठरलेला नसेल तर आधी त्यासाठी न्यायालयात जावं लागेल. म्हणून आई-बापांपैकी जो मागे राहील त्याच्या मृत्युपत्रात पालकाचं नाव हवं, दोघांनीही आपापलं वेगळं मृत्युपत्र आजच करावं. आजी म्हणून ते नाव तुम्ही लिहून दिलंत तर चालणार नाही. आचा चालेल का, हे त्यांनाच ठरवू द्या.