मुलाखतीला वडिलांनी कुठपर्यंत जावं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम. झाली, टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला. घरी तेलुगू, शाळा मराठी. चिंचोळी एमआयडीसीतल्या पहिल्या मुलाखतीला वडील सोबत आत बसले. दुसऱ्या ठिकाणी पगाराचं विचारल्यावर ती "तुम्ही द्याल तो" म्हणाली. दोन्हीकडून पुढं काही कळलं नाही. आता मंगळवारी सकाळी ११ वाजता हिंजवडीत अकाउंट्सच्या जागेसाठी बोलावणं आहे. "इंग्रजीमुळं राहतंय का?" असं ते विचारतात.

नमस्कार. पत्रासोबत रेझ्युमे पाठवलात ते बरं केलंत. त्यावर मोबाइल नंबर तुमचा आहे. तो आजच बदला, तिचा स्वतःचा टाका. एचआरवाल्यांना दिवसभरात बऱ्याच जणांना फोन लावायचे असतात. "ती घरी आहे, संध्याकाळी करा" असं उत्तर मिळालं की ते यादीतल्या पुढच्या नावाकडं वळतात.

तुम्ही आत बसलात ते काळजीपोटी, हे मला कळतं. पण समोरच्याच्या मनात प्रश्न वेगळाच येतो: उद्या बिल अडलं तर ही एकटी व्हेंडरशी, म्हणजे माल पुरवणाऱ्याशी, बोलेल का? तुम्ही शेजारी असताना त्याचं उत्तर तिला देताच येत नाही. इंग्रजीचं म्हणाल, तर अशा कामात साधे ई-मेल लिहिता येणं आणि विचारलेलं समजणं यावर बरंच भागतं. उलट रेझ्युमेत भाषांच्या रकान्यात तेलुगू लिहिलेलीच नाही, ती लिहा. हैदराबादचे व्हेंडर असलेल्या कंपनीला तिचा उपयोग आहे.

आता मंगळवारचं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचा विचार असेल तर तो सोडा. गाडी वेळेत आली तरी पुणे स्टेशनवर साडेदहाच्या सुमारास उतराल, आणि तिथून हिंजवडीला तासाहून जास्त लागतो. सोमवारीच जा, नातेवाइकांकडं राहा. अशा मोठ्या कॅम्पसमध्ये गेटवर ओळखपत्र, नोंद, पास यातच १५-२० मिनिटं जातात, म्हणून गेटवर साडेदहाला आणि रिसेप्शनला पावणेअकराला पोहोचायचं. एवढं करूनही उशीर होणार असं दिसलं, तर अकराच्या आधी फोन करून "किती वाजेपर्यंत पोहोचेन" ते सांगायचं. पोहोचल्यावर दिलेली कारणं कुणी ऐकत नाही.

फाइल रविवारीच लावून ठेवा. वर रेझ्युमेच्या ३ प्रती, कारण आत दोन माणसं असली तर दोघांना द्यावी लागते. मग पदवीची गुणपत्रकं, कोर्सची प्रमाणपत्रं, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स. ओरिजिनल दाखवायचे, ठेवून घ्यायला द्यायचे नाहीत. नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर तिथून सरळ निघायचं.

कपडे साधे, इस्त्रीचे, आधी एकदा घालून बसून पाहिलेले. नवी चप्पल त्या दिवशी घालू नये, चावते. मोबाइल व्हायब्रेटवर नको. टेबलावर तो घरघरला की बोलणं तुटतं. पूर्ण बंद.

दार उघडून "मे आय कम इन" म्हणावं, बसा म्हटल्यावर बसावं. समोरच्यानं हात पुढं केला तर मिळवावा, नाही केला तर नमस्कार पुरेसा आहे. पाणी विचारलं तर घ्यावं, घसा कोरडा पडलेला असतो. पर्स मांडीवर किंवा खाली, त्यांच्या टेबलावर नाही.

जिथं मुली अडकतात ते म्हणजे न येणारा प्रश्न. गप्प राहणं किंवा काहीतरी ठोकून देणं, दोन्ही वाईट. समजा, जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राबद्दल विचारलं. तिनं म्हणावं, "ते मी भरलेलं नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०, एवढं कोर्समध्ये केलं आहे." विचारणाऱ्याला तिला काय येतं आणि काय शिकवावं लागेल ते कळतं, आणि उद्या चूक झाली तर ही लपवणार नाही याचीही खात्री पटते. ही दोन वाक्यं घरी मोठ्यानं दहा वेळा म्हणायला लावा. हिंदीत, इंग्रजीत, जशी येतील तशी.

"तुम्ही द्याल तो" हे उत्तर नम्र वाटतं, पण त्यातून हिनं काही विचारच केलेला नाही असं दिसतं. पुण्यातलं खोलीभाडं, मेस, बस आणि घरी पाठवायचे पैसे कागदावर मांडा. तिच्याच कॉलेजातल्या, तसंच काम करणाऱ्या दोन-तीन मुलींना पगार विचारा. त्यावरून "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं सांगता येईल. आकडा हातात येणाऱ्या पगाराचा की सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तिच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा, तेही तिनं विचारावं. सीटीसीत बहुतेकदा कंपनीनं भरायचा पीएफसुद्धा धरलेला असतो, त्यामुळं हातात कमी येतात.

त्याच संध्याकाळी आभाराचा तीन ओळींचा ई-मेल तिनं पाठवावा. आठवडाभर काही आलं नाही तर आणखी एक, तोही तिनंच.

तुम्ही मंगळवारी सोबत जरूर जा, पण गेटपर्यंतच. तिचा मोबाइल बंद असेल. लेखी परीक्षा घेतली तर दोन-तीन तासही जातील. तेवढ्यात रिसेप्शनला फोन करून "मुलगी सुटली का?" असं विचारू नका.