शहरातल्या कृत्रिम तलावात कारंजं बसवल्यानं पाणी स्वच्छ होतं का? आणि मासे पहाटेच का मरतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडच्या तलावात वर्षातून एक-दोनदा सकाळी मासे पालथे तरंगताना दिसतात, लोक म्हणतात कुणीतरी विष घातलं, आणि आता तिथं कारंजं बसवायचं घाटतंय. ‘कारंजं’ वाचलं आणि माझी सटकली, म्हणून लिहायला बसलो.

विष कुणी घालत नाही हो. मेलेल्यांत कोण आहेत ते बघा. मोठे कटला-रोहू आधी उलटले असतील आणि तिलापिया तोंड वर काढून तग धरून असेल, तर प्राणवायू संपलाय एवढंच.

मी बेळगावात एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं सहायक होतो. आमच्या उपनगरात एक तळं आहे. नाव लिहीत नाही. किल्ला तलावाच्या मानानं डबकंच, पण भोवतीनं पेव्हर, बाकडी, ओपन जिम, सगळं आहे. त्याच्या सुशोभीकरण समितीचे खजिनदार म्हणजे आमचे भावोजी, ताईचे यजमान. एका वर्षी मिरगाच्या तोंडावर तीन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा पडलेला, आणि चौथ्या दिवशी सकाळी काठावर मेलेल्या माशांचा पट्टा. समितीनं पाणी तपासून घेतलं. रिपोर्ट आला, प्राणवायू भरपूर. नमुना कधी घेतला होता? ऊन पडल्यावर, सकाळी अकरा वाजता!

मला राहवलं नाही. काचेच्या बुचाच्या ३०० मिलीच्या दोन बाटल्या घेतल्या. एक दुपारी तीनला भरली, दुसरी पहाटे पाचला, टॉर्च तोंडात धरून. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत ज्यांनी लॅबमध्ये केलीय त्यांना माहीत आहे: काठावरच मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड, बूच लावून बाटली खालीवर करायची. पाण्यात प्राणवायू असला तर आत तपकिरी साका धरतो, नसला तर पांढराच राहतो. दुपारची बाटली कडक चहासारखी झाली. पहाटेची नारळाच्या दुधासारखी पांढरी. टायट्रेशन करून नेमका आकडा काढायची गरजच नव्हती.

कारण साधं आहे. पाणी हिरवं दिसतं ते बारीक शेवाळामुळं. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, एवढा की पाण्यात मावत नाही. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेतं, तळातला गाळ घेतो, मासे घेतात. सगळ्यात कमी उरतो तो उजाडायच्या आधी. त्यात आभाळ भरलेलं असेल तर दिवसाची कमाईच नाही. माशांना लिटरमागं ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो.

आता कारंज्याकडं या. भावोजींच्या समितीचं कारंजं संध्याकाळी सहा ते नऊ चालायचं, रंगीत दिवे लावून. मासे गुदमरतात पहाटे चारला. मी म्हटलं, चालवायचंच तर रात्री बारा ते सहा चालवा, दिवे लावू नका. तर भाच्याच्या साखरपुड्यात, चार पाहुण्यांच्या समोर भावोजी म्हणाले, “तू मास्तर न्हवं रे, बाटल्या धुणारा. तुला काय कळतंय की.” पाहुणे हसले. मीही हसलो, काय करणार.

शेवाळ येतं कुठून, हा खरा प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलाच नाही. शेतकऱ्याला सांगायला नको, नत्र आणि स्फुरद मिळालं की हिरवं वाढणारच. शहरात ते सांडपाण्यातून येतं. एक सोपी परीक्षा सांगतो. एप्रिलमध्ये, वळीव पडायच्या आधी, तलावाला मिळणाऱ्या गटारीच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. पाऊस नसताना पाणी येत असेल तर ते पावसाचं नव्हे. कुणाच्या तरी संडासाचा चेंबर यूजीडीऐवजी, म्हणजे जमिनीखालच्या सांडपाण्याच्या लाइनीऐवजी, पावसाळी गटारीला जोडलाय. आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या शिवारात बासमती लावणाऱ्यांना विचारा, शहराचं सांडपाणी घेऊन येणारा बळ्ळारी नाला पावसात त्यांच्या भातात काय आणून टाकतो.

आमच्याकडं ते कुणाचं होतं, हे मी शोधलं. भाऊबीजेला ताईकडं गेलो तेव्हा खिशात फ्लोरेसीनची पुडी होती. नारिंगी पूड असते, पाण्यात पडली की चमकता पोपटी रंग येतो. डोळ्यांचे डॉक्टरही तपासणीला वापरतात, घाबरू नका. संडासात चिमूटभर टाकली, बादलीभर पाणी ओतलं, ओवाळून घेतलं, करंजी खाल्ली आणि ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून तलावाच्या गटारीवर जाऊन उभा राहिलो. वीसेक मिनिटांत करड्या पाण्यातनं पोपटी धार आली. समितीच्या खजिनदारांच्या घरची! मी मोबाइलवर फोटो काढला. नंतर दोन वर्षं भावोजी माझ्याशी बोलले नाहीत. ताई मात्र कुंदा पाठवत राहिली.

गणपतीवर सगळं ढकलणाऱ्यांचाही मला राग येतो. प्लास्टर विरघळत नाही, रंगांत जड धातू असतात, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० च्या सूचनांत प्लास्टरला नाही म्हटलं, ते बरोबरच. मूर्ती शाडूचीच आणावी. पण गणपती अकरा दिवसांचा, आणि गटार वर्षभर चालू.

तर करायचं काय? आधी चेंबर यूजीडीला जोडा. मग उन्हाळ्यात गाळ काढा, कारण गटार तोडली तरी तळाचा गाळ जुनं स्फुरद वर सोडत राहतो, प्राणवायू संपला की जास्तच. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर बघा. गेल्या शतकाच्या शेवटी पाणीटंचाई झाली तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरींचा गाळ काढूनच त्या परत वापरात आणल्या. तिथं कुणी कारंजं लावलं नाही.

एक मात्र मान्य करतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकांगी. तळातून बारीक बुडबुडे सोडणारा एअरेटर रात्रभर चालवला तर मासे वाचतात. कारंजंही रात्री चालवलं तर थोडा उपयोग आहेच. उथळ तळ्यात मात्र जोराचा पंप गाळ ढवळून पाणी आणखी बिघडवतो, तेव्हा खोली मोजून घ्या. आणि माझ्या दोन बाटल्यांवर महापालिकेत भांडायला जाऊ नका, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या जागी नमुने घ्या. पहाटेचे मात्र घ्याच.

भावोजी हे वाचत असतील तर: चेंबरचा पाइप अजून तिथंच आहे. परवाच बघून आलो.