वाचकांचे प्रश्न : ठेकेदार, गळती आणि बिलं

पावसाळा महिन्या-दोन महिन्यांवर आला की आमच्याकडे गळतीची पत्रं वाढतात. त्यांच्या खालोखाल असतात पैशांवरून अडलेली कामं. या वेळी त्यांतली चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या बंगल्याची गच्ची साधारण 1,000 चौरस फूट आहे, बांधकाम 1996 चं. जिन्यालगतच्या खोलीत आणि एका कोपऱ्यात पाणी झिरपतं. तीन ठेकेदारांनी फुटाला 40, 85 आणि 160 रुपये असे दर दिले. तिघंही दहा वर्षांची गॅरंटी सांगतात. कोणाचं ऐकावं?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : हे तीन दर शेजारी ठेवून काहीच कळणार नाही, कारण तिघं तीन वेगळी कामं सांगताहेत. 40 वाला बहुधा जुन्या कोब्यावर (स्लॅबवरच्या ढाळाच्या थरावर) ब्रशने कोटिंग मारणार. 85 वाला डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे डांबरी चादरीच्या पट्ट्या, चिकटवणार. 160 वाला नवा ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा करून वर चायना चिप्स (चिनी मातीच्या टाइलचे तुकडे) बसवणार. आधी तुमच्या गच्चीला यातलं काय हवं ते ठरवा, मग त्या एकाच कामाचे तिघांकडून दर मागा.

ते ठरवायला घरचा हातोडा पुरतो. गच्चीभर दर दोन-तीन फुटांवर हलकेच ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे कोबा स्लॅबला धरून आहे, भद्द आवाज येतो तिथे तो सुटला आहे. मग पाइपने गच्ची भिजवून तासाभराने बघा, पाणी कुठे साचून राहिलंय. ढाळ साधारण शंभराला एक हवा, म्हणजे खुऱ्यापासून (पाणी बाहेर जाण्याच्या तोंडापासून) 30 फूट लांबच्या टोकाची पातळी सुमारे साडेतीन इंच वर. ढाळ ठीक असेल आणि कोबा बहुतेक ठिकाणी टणक असेल तर कोटिंगवर भागतं. कोटिंगने ढाळ मात्र कधीच सुधारत नाही. पाणी साचतं तिथे मारलेलं कोटिंग एक-दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखं निघतं आणि ठेकेदार म्हणतो, ‘पाणी साचू दिलंत, गॅरंटी गेली.’

नवा कोबा हवा असेल तर ‘जुन्यावरच टाकू, फोडायचा खर्च वाचेल’ हा सल्ला ऐकू नका. सरासरी चार इंचांच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस फुटाला ढोबळमानाने 20 किलो भरतं. तुमच्या गच्चीवर ते 20 टनांच्या आसपास जातं. जुन्या कोब्याचं तेवढंच ओझं 1996 पासून स्लॅब वाहतो आहे. ते दुप्पट करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खोलीच्या छताचे पोपडे पडून सळई दिसत असेल तर आधी त्याला बोलवा, वॉटरप्रूफिंगवाल्याला नंतर.

कोटिंगच घ्यायचं ठरलं तर कोटेशनमध्ये या गोष्टी शब्दांत लिहून घ्या : भेगा व्ही आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरणे, कठड्याच्या मुळाशी वाटा (कोपरा बुजवणारी गोलाई) करणे, प्रायमर, दोन हात एकमेकांना आडवे-उभे, मध्ये फायबरची जाळी, आणि कठड्यावर एक फूट उंचीपर्यंत तेच कोटिंग. टाकीखालची जागा आणि पाइप स्लॅबमधून खाली उतरतात ती भोकं हमखास वगळली जातात, आणि गळती बरेचदा तिथूनच असते. तुमची जिन्यालगतची खोली टाकीच्या खाली येते का, हे पाहाच.

दुसरी मेख मालात असते. डब्यावर दोन हातांचा खप छापलेला असतो. समजा एक किलोत दोन हातांना 10 चौरस फूट लिहिलंय, तर 1,000 फुटांना 100 किलो, म्हणजे 20 किलोच्या पाच बादल्या लागतील. कठड्याचं क्षेत्र धरलं तर सहा. तीनच बादल्या गच्चीवर चढल्या तर उरलेलं पाणी आहे असं समजा. सीलबंद बादल्या मोजून घ्या आणि काम संपेपर्यंत रिकाम्या खाली नेऊ देऊ नका. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर ब्रश फिरवला तर फोड येतात. त्यामुळे काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करून घ्या.

मेम्ब्रेनच्या बाबतीत दोनच गोष्टी. पट्ट्यांचा एकमेकांवर चढ किमान चार इंच हवा. आणि ज्या गच्चीवर वाळवणं घालायची, खुर्च्या ओढायच्या, तिथे ती उघडी ठेवता येत नाही. वर कोबा किंवा फरशी लागते, म्हणजे 85 चा दर 85 राहत नाही.

गॅरंटीच्या कागदावर देणारा कोण आहे ते बघा. माल बनवणारी कंपनी देते तेव्हा अनेकदा फक्त माल बदलून मिळतो, मजुरी तुमची. ठेकेदार स्वतःच्या लेटरहेडवर देतो ती तो सापडतो तोवरच चालते. त्यापेक्षा दोन अटी घाला : काम सुकल्यावर खुरे बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायचं, आणि बिलाची 10 टक्के रक्कम सप्टेंबरअखेर द्यायची. या दोन्ही मानणारा ठेकेदार थोडा महाग असला तरी घ्या. ‘पत्रा टाकून मोकळे व्हा’ असा चौथा सल्ला तुम्हाला मिळेलच. शेडला नगरपालिकेची परवानगी लागते, आणि पत्र्याखाली कठड्याच्या भेगा तशाच राहतात.

प्रश्न : आमच्या खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, अगदी आमच्या बाथरूमखाली. प्लंबर म्हणतो सगळं बाथरूम फोडावं लागेल. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा. न फोडता काही कळू शकतं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कळतं, पण चाचण्या क्रमाने घ्याव्या लागतात. फोडण्याचा सल्ला देणाऱ्याने त्या घेतल्या नसतील तर त्याला हो म्हणू नका.

पहिली चाचणी नळाच्या लाइनची. बाथरूम दोन दिवस वापरू नका, पण वरच्या टाकीतून येणारा व्हॉल्व्ह चालू ठेवा. ओल तशीच वाढत राहिली तर संशय भिंतीतल्या पाइपवर. खात्रीसाठी नळांच्या जागी प्लग लावून हातपंपाने चौरस सेंटीमीटरला 10 किलोचा दाब द्यायचा आणि तासभर गेजचा काटा बघायचा. गरम पाण्याची लाइन गिझर सोडवून वेगळी तपासायची. काटा उतरला तर दोष लाइनमध्ये आहे, आणि मग तेवढी भिंत फोडली तरी पुरतं.

काटा हलला नाही तर जमिनीकडे वळा. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या, पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या) तोंडात रबरी प्लग किंवा वाळूची ओली पिशवी घट्ट बसवा, दोन इंच पाणी भरा, त्यात थोडी कपड्यांची नीळ घाला आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. शेजारी एक बादली पाणी भरून तिच्यावरही खूण करा, म्हणजे हवेत किती उडालं ते वेगळं कळेल. 24 तासांत बाथरूमची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर पाणी फरशीच्या सांध्यांतून जातंय. पातळी टिकली, पण प्लग काढून सगळं पाणी एकदम सोडल्यावर खाली ओल आली, तर दोष ट्रॅपच्या जोडात किंवा त्यापुढच्या पाइपात. खाली निळसर डाग दिसला तर शंका उरत नाही. मात्र सुरुवातीला डाग नाही दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. बाथरूमचा स्लॅब खोलगट असेल तर त्या सन्कमध्ये साचलेलं जुनं पाणी आठवडे-आठवडे झिरपत राहतं.

सांध्यांतूनच गळत असेल तर जुना ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला) किमान अर्ध्या जाडीपर्यंत खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून बघा. जुन्यावरच नवं पुसलेलं टिकत नाही. सन्क पाण्याने भरलेला असेल तर मात्र फोडण्याला पर्याय नाही. तेव्हा क्रम असा ठेवा : पाइप आणि ट्रॅप बसवून दाबचाचणी, मग वॉटरप्रूफिंग (जमिनीपासून भिंतीवर एक फूट, शॉवरच्या भिंतीला सहा-सात फूट), मग 48 तास पाणी भरून ठेवणं, मग भराव, आणि शेवटी टाइल. भरावाच्या वेळी स्वतः हजर राहा. फोडलेलं राबिट (मलबा) उचलून नेण्याचा खर्च वाचवायला तेच सन्कमध्ये ढकलायची खोड अनेकांना असते. त्यातल्या टाइलच्या धारदार कपच्या कोटिंग फाडतात, लाकडाचे तुकडे कुजतात. ताज्या कोटिंगवर आधी सिमेंट-वाळूचा थर पडला पाहिजे, त्यावर विटांचे तुकडे.

प्लंबर आणि टाइलवाला वेगवेगळे नेमलेत तर गळती झाल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. सन्कपासून टाइलपर्यंतचं काम एकालाच उक्तं द्या.

आता सोसायटीचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती हा सोसायटीचा खर्च. फ्लॅटच्या आतल्या दुरुस्त्या सभासदाच्या. म्हणजे चाचणीत दोष डक्टमधल्या उभ्या सामाईक पाइपात निघाला तर बिल सोसायटीचं. म्हणून चाचणीच्या वेळी सेक्रेटरी आणि खालचे शेजारी दोघांना बोलवा, गेजचे आणि पाण्याच्या खुणांचे तारखेसह फोटो काढा.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि बाथरूमचं काम 2 लाख 40 हजारांना ठरलं. ठेकेदाराने दर शनिवारी मजुरांच्या हजेरीचं कारण सांगत 1 लाख 70 हजार नेले. टाइल अर्ध्याच लागल्यात, आता तो फोन उचलत नाही.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी अर्ध्या कामाला हात लावू नका आणि दुसरा माणूसही घाईने आत घेऊ नका. झालेल्या प्रत्येक कामाचे टेप लावून फोटो घ्या : किती फूट टाइल, किती पॉइंट, कोणता ट्रॅप बसला. घरात पडलेल्या मालाची यादी करा. मग दुसऱ्या एखाद्या ठेकेदाराकडून उरलेल्या कामाचं लेखी कोटेशन घ्या. तो आकडा अधिक दिलेले 1 लाख 70 हजार, वजा ठरलेले 2 लाख 40 हजार, हे तुमचं नुकसान. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने 10 दिवसांची मुदत देऊन हेच आकडे कळवा. यूपीआयच्या नोंदी जपा. रोख दिलेल्यांच्या तारखाही चॅटमध्ये त्याच्याकडून कबूल करून घेता आल्या तर उत्तम.

मुदत टळली तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मुदत दोन वर्षांची आहे, आणि 5 लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवून बघा. काम अर्धवट टाकलं एवढ्यावरून पोलीस सहसा गुन्हा घेत नाहीत, दिवाणी वाद म्हणून परत पाठवतात. तिथे फार दिवस घालवू नका.

नव्या ठेकेदाराला शनिवारच्या हिशेबाने उचल देऊ नका, टप्प्यांनी द्या. अशा कामाला आम्ही हे प्रमाण सुचवतो : सुरुवातीला 10 टक्के, तोडफोड होऊन राबिट उचललं की 15, पाइपची दाबचाचणी झाली की 25, पाणी भरून बघितल्यावर टाइल लागल्या की 25, नळ-सिंक-दिवे बसले की 15, आणि महिनाभर वापरल्यावर 10. छोट्या ठेकेदाराकडे खरंच भांडवल नसतं, त्याची हजेरीची अडचण खोटी नसते. तेव्हा माल तुम्ही आणून द्या आणि फक्त मजुरी त्याला. सिमेंटच्या पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनं परत करा. प्लास्टरचा अंदाज लक्षात ठेवा : 12 मिलिमीटर जाडी, एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), तर 100 चौरस फुटांना साधारण एक पोतं. 400 फुटांच्या प्लास्टरला आठ पोती मागितली तर कारण विचारा. कधी भिंत ओळंब्यात नसते, तेव्हा माल खरोखरच जास्त लागतो.

अर्ध्या लागलेल्या टाइल ठेवायच्या का, हे नाण्याने ठोकून ठरवा. कोपरे पोकळ वाजले तर मागे अ‍ॅडहेसिव्हचे फक्त गोळे लावलेत. त्या काढाव्याच लागतील. नव्याने लावताना दातेरी थापी वापरतात का ते बघा. 20 किलोची पिशवी 3 मिलिमीटर जाडीला 45 ते 55 चौरस फूट पुरते.

प्रश्न : रंगकामाचं बिल आमच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त आलंय. रंगारी दार-खिडक्याही मोजतो. हे बरोबर आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बाजारातला रिवाज तसा आहे, आणि आधी ठरलं नसेल तर भांडण अवघड. एक खोली स्वतः मोजा. 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली : परिमिती 44, भिंती 440, छत 120, एकूण 560. दार 21 आणि खिडकी 20 वजा केलं तर 519. फरक सात-आठ टक्क्यांचाच पडतो. मोजमापाच्या आयएस 1200 या मानकातही अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची भोकं वजा करत नाहीत. तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची, भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच काम असेल तर, एकाच बाजूची वजावट होते. कारण दाराच्या कडाही रंगवाव्या लागतात.

तुमचं बिल त्याहून जास्त फुगलं असेल तर कपाटामागची भिंत, ओट्यावरच्या आणि बाथरूममधल्या टाइलची उंची बघा. 7 बाय 8 चं एक भिंतीतलं कपाट म्हणजे न रंगवलेले 56 फूट, दोन खोल्यांत 112. हे वजा करून मागणं रास्त आहे. दोन हात दिलेत का हेही डब्यांवरून ताडता येतं : डब्यावर दोन हातांना लिटरमागे 60 ते 70 चौरस फूट लिहिलं असेल तर वरच्या 440 फूट भिंतींना साडेसहा-सात लिटर लागतात. चारच लिटर आला असेल तर दुसऱ्या हाताचे पैसे देण्याआधी रंगाऱ्याकडे दुकानाची पावती मागा.