२५० ओहमचा हेडफोन आणि जॅक नसलेला फोन: डोंगल पुरेल की वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

आपल्याकडे हेडफोन जॅक नसलेला अँड्रॉइड फोन, बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा २५० ओहमचा हेडफोन आणि कानात घालायचा एक लहान इअरफोन आहे. ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीताचे आहे. दहा हजार रुपयांत फोनच्या चार्जिंगच्या सॉकेटला लावायचा, हेडफोनसाठी जागा देणारा छोटा डोंगल घ्यावा, की स्वतःची बॅटरी असलेला डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचे आवाजाच्या विद्युत लहरींत रूपांतर करणारा भाग) आणि अ‍ॅम्प्लिफायरचा एकत्र संच घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत राहतो आणि हेच संगीत रोज हेडफोनवर ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटवर दोन व्होल्ट देणारा साधा डोंगल आपल्याला पुरेल, आणि तो आपल्या रकमेच्या निम्म्यातही बसेल.

हा निर्णय जाहिरातीवरून न करता हिशेबाने करता येतो, आणि हिशेबाची सुरुवात अ‍ॅम्प्लिफायरपासून नव्हे, तर हेडफोनपासून करावी लागते. कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात, एक इम्पिडन्सचा, म्हणजे ओहममध्ये मोजलेल्या विद्युत अडथळ्याचा, आणि दुसरा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक शक्तीवर किती मोठा आवाज निघतो त्याचा. बहुतेक लोक पहिलाच पाहतात आणि ओहम जास्त म्हणजे हेडफोन वाजवायला जड, असे समजतात. आपल्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॉटला ९६ डेसिबल आहे. २५० ओहममधून एक मिलिवॉट जायला अर्धा व्होल्ट लागतो. आपण सरासरी ७० ते ७५ डेसिबलवर ऐकत असलात, तरी शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली एखादी झेप सरासरीपेक्षा २० डेसिबलने किंवा त्याहूनही वर जाते, आणि जुनी मुद्रणे मुळातच हलक्या पातळीवर केलेली असतात. म्हणून क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलची सोय धरावी. ९६ वरून ११० म्हणजे १४ डेसिबल, म्हणजे शक्ती २५ पट. त्यासाठी २५ मिलिवॉट, अडीच व्होल्ट आणि अवघा १० मिलिअँपिअर प्रवाह लागतो.

याच्या शेजारी हायफायमॅन कंपनीचा सुंदारा हा हेडफोन ठेवून पाहावा. तो ३७ ओहमचा आहे, म्हणजे वरवर पाहता सोपा. पण त्याची सेन्सिटिव्हिटी मिलिवॉटला ९४ डेसिबल असल्यामुळे त्याच ११० डेसिबलसाठी त्याला ४० मिलिवॉट आणि सुमारे ३३ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, व्होल्टेज मात्र सव्वा व्होल्टच पुरते. एका हेडफोनला व्होल्ट हवे असतात, दुसऱ्याला प्रवाह. आपल्याला पहिल्या प्रकारचा पुरवठा हवा आहे आणि तो छोट्या उपकरणाकडूनही मिळू शकतो.

एक व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर आपला हेडफोन १०२ डेसिबलपर्यंत जाईल. चित्रपटगीतांना ते भरपूर आहे. हलक्या मुद्रणांच्या वेळी मात्र आवाजाची पट्टी शेवटाला टेकेल. दोन व्होल्टवर १०८ डेसिबल मिळतात. हे मी पुरेसे मानतो, कारण कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास सरासरी ८० डेसिबल अशी आहे आणि त्या सरासरीवर २८ डेसिबलची जागा शिल्लक राहते. विक्रेते बहुधा व्होल्ट न सांगता ३२ ओहमवरची शक्ती छापतात. तेव्हा शक्ती वॉटमध्ये घेऊन तिला ३२ ने गुणून वर्गमूळ काढावे: १५० मिलिवॉट लिहिले असेल, तर ते साधारण २.२ व्होल्ट होतात आणि २५० ओहमवर त्यातून १९ मिलिवॉट मिळतात. जाहिरातीतला मोठा आकडा आपल्या हेडफोनवर एवढासा उरतो, पण तेवढाही पुरतो.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड सॉकेटसाठी, म्हणजे दोन्ही कानांना पूर्ण स्वतंत्र पुरवठा देणाऱ्या सॉकेटसाठी, जादा पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्या सॉकेटवर व्होल्टेज दुप्पट मिळू शकते हे खरे. पण त्यासाठी दोन्ही कानांच्या चारही तारा वेगवेगळ्या असाव्या लागतात. डीटी ९९० प्रोची गुंडाळीदार तार कायमची जोडलेली आणि सामाईक ग्राउंडची, म्हणजे दोन्ही कानांना परतीची एकच तार असलेली, असते, त्यामुळे हेडफोन उघडून नवी तार ओढल्याशिवाय त्या सॉकेटचा आपल्याला काहीही उपयोग नाही. आणि अडॅप्टर लावून तो तसाच जोडला, तर अ‍ॅम्प्लिफायरची दोन टोके एकमेकांना भिडून तो बिघडू शकतो.

लहान इअरफोनचा प्रश्न उलटा आहे. त्याला शक्ती जवळपास लागतच नाही. मात्र डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, कमी असावा लागतो. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक स्वरपट्टीत वेगळा असतो, आणि डोंगलचा इम्पिडन्स मोठा असेल, तर खर्ज आणि तारस्वर यांचे प्रमाणच बदलते. इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून तो कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहमच्या आतला. याशिवाय गेनचे, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा त्याचे, दोन टप्पे असतील तर इअरफोनसाठी खालचा वापरावा, म्हणजे शांत जागी ऐकू येणारी बारीक सळसळ कमी होते.

डॅकच्या चिपचे नाव पाहून फार वेळ घालवू नये. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे प्रमाण ९६ डेसिबलच्या आसपासचा पल्ला आणि २० किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर सामावते, आणि आजचे साधे डोंगलही तेवढे काम स्वच्छ करतात. मात्र खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. स्वस्त टाइप-सी अडॅप्टरांपैकी काहींत डॅक नसतोच. फोननेच अ‍ॅनालॉग आवाज त्या सॉकेटवर दिला तर ते चालतात, एरवी मुके राहतात. दुसरे, अ‍ॅपलचा छोटा अडॅप्टर स्वच्छ वाजतो, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा पूर्ण आवाज मिळत नाही, त्यामुळे आपल्या २५० ओहमच्या हेडफोनसाठी मी तो सुचवणार नाही.

घरी लॅपटॉपला जोडून ऐकणार असाल, तर जुन्या घरांतल्या वायरिंगकडे लक्ष द्यावे. आपल्याकडच्या पुष्कळ वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंग जोडलेलेच नसते. लॅपटॉपचा चार्जर आणि विजेवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर एकाच साखळीत आले की गुणगुण सुरू होते आणि लोक उपकरणाला दोष देतात. चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याऐवजी वायरमनला बोलवावे.

दोन उपकरणांची तुलना करताना आवाज काटेकोर सारखा केल्याशिवाय कोणतेही मत मी ग्राह्य धरत नाही. अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे उपकरण कानाला मोठे वाटत नाही, अधिक मोकळे आणि सुस्पष्ट वाटते, आणि त्या फसवणुकीवर हजारो रुपयांची खरेदी होते. उपाय स्वस्त आहे: हेडफोन जोडलेला असतानाच, एका सॉकेटचे दोन करणाऱ्या स्प्लिटरच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा, १०० हर्ट्झचा एकसारखा सूर वाजवावा आणि दोन्ही उपकरणांचे आकडे एक टक्क्याच्या फरकात आणावेत, म्हणजे पातळीतला फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असल्यामुळे उंच सुरावर त्याचे आकडे भरवशाचे नसतात. एवढे केल्यावर, पुरेशी शक्ती देणाऱ्या दोन उपकरणांतला फरक ओळखणे आपल्यालाही अवघड जाईल.

हेडफोनाहेडफोनांतला फरक मात्र लगेच कळतो, आणि तो पारखण्यासाठी आपल्या भागात उत्तम साधन आहे. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात जाऊन जुळवलेला तंबोरा काही वेळ शांतपणे ऐकावा. घोडीच्या उतारावर तार आणि दोरा यांच्या स्पर्शातून जी जवारी उमटते, तिच्यात मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वयंभू स्वरांची दाटी असते आणि ती कित्येक किलोहर्ट्झपर्यंत पोहोचते. घरी येऊन एखाद्या अलीकडच्या, चांगल्या मुद्रणातला तंबोरा डीटी ९९० वर लावावा. आठ किलोहर्ट्झच्या आसपास या हेडफोनचा आवाज उंचावलेला आहे, त्यामुळे जवारी खऱ्यापेक्षा धारदार, क्वचित धातूसारखी ऐकू येते आणि गायकाचा ‘स’ टोचतो. कोणताही अ‍ॅम्प्लिफायर हा दोष घालवणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका याच हेडफोनवर लावल्यास तबकडीची खरखर पुढे येते. तीही मुद्रिकेतच आहे आणि महागड्या डॅकने ती कमी होत नाही.

आठ किलोहर्ट्झच्या त्या उंचवट्यावर उपाय पॅरामेट्रिक इक्वलायझरचा, म्हणजे हव्या त्या स्वरपट्टीचा आवाज कमीजास्त करणाऱ्या साधनाचा आहे, आणि तशी मोफत अ‍ॅप्स मिळतात. आठ किलोहर्ट्झजवळ तीनचार डेसिबल कमी करून तंबोऱ्याशी ताडून पाहावे आणि कानाला पटेपर्यंत थोडेथोडे पुढे जावे. एखादी पट्टी वाढवायची असेल, तर तेवढाच एकूण आवाज आधी खाली आणावा लागतो, अन्यथा शिखरे कापली जातात. दोन व्होल्टच्या डोंगलचा आग्रह मी याही कारणाने धरला. वेगळी बॅटरी असलेला संच तेव्हाच घ्यावा, जेव्हा प्रवासात तासन्‌तास ऐकायचे असेल आणि फोनची बॅटरी त्यासाठी खर्चायची नसेल, किंवा पुढे सुंदारासारखा प्रवाह मागणारा हेडफोन घेण्याचा विचार असेल. आज तसे नसेल, तर डोंगल परत करण्याची मुदत देणाऱ्या विक्रेत्याकडूनच मागवावा, पहिल्याच आठवड्यात दोन्ही हेडफोन लावून सळसळ आणि कमाल आवाज तपासावा, आणि उरलेली रक्कम दुसऱ्या हेडफोनसाठी बाजूला ठेवावी.