टार्गेटला आणि शिकारीला एकच कार्बन बाण चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५० पौंडांचं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), २७ इंच ड्रॉ (दोरी ओढायची लांबी), सध्या पुण्यात ५० मीटरचा सराव, आणि नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला भावाकडे गेल्यावर त्याच्यासोबत हरणाच्या शिकारीला जायचं आहे. दोन्हीसाठी एकच डझन कार्बन बाण घेतले तर चालतील का, आणि कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

ओढूनताणून चालतील, पण मी तसं सुचवणार नाही. दोन वेगळे सेट घ्या. कंपनी हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असे प्रश्न वाचून नवी मुलं भलत्याच कल्पना करून घेतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. शेतात रानडुक्कर शिरलं म्हणून आपल्या मर्जीने धनुष्य उचलायचं नाही. त्यामुळे शिकारीचं जे खाली लिहिलंय ते फक्त तिकडच्यासाठी, तिकडचं लायसन्स हातात असेल तेव्हासाठी.

आता बाण. कार्बन शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, ५००, ४०० असे आकडे छापलेले असतात, ती स्पाइन. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवतात, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगतात आणि तो किती वाकतो ते मोजतात. अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००, ०.४ इंच वाकला तर ४००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण सॉफ्ट. हे झालं टेबलावरचं माप. धनुष्यातून सुटताना तोच बाण किती वाकणार हे तुमचं ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर, तुमचे ते ५० पौंड), बाणाची लांबी आणि पॉइंटचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, वजन यांवर ठरतं. बाण लांब ठेवला किंवा पुढे जड पॉइंट लावला की तो सॉफ्ट वागतो, कापून आखूड केला की स्टिफ. दुकानात 'कंपाउंडसाठी हाच चालतो' असं सांगून हातात डझन ठेवतात, तेव्हा यातलं काहीच विचारलेलं नसतं. मित्राच्या धनुष्याला साजेसे बाण तुमच्या धनुष्याला साजतीलच असं नाही, मग ते कितीही महाग असोत. चुकीच्या स्पाइनचा बाण मैदानावर सहज ओळखू येतो: रिलीज स्वच्छ असतो, साइट बरोबर असते, तरी ग्रुपिंग काही केल्या आवळत नाही, बाण एकमेकांजवळ लागतच नाहीत.

तुमच्या ५० पौंडांना, २७ इंची बाणाला आणि १०० ग्रेनच्या (बाणाच्या वजनाचं माप, एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम) पॉइंटला ५०० च्या आसपासची स्पाइन येईल. कंपनीचा चार्ट उघडून खात्री करा, कारण कॅम (धनुष्याच्या टोकांची चाकं) किती आक्रमक आहे त्यावर एक पायरी इकडेतिकडे होते. टार्गेटचा शाफ्ट बारीक आणि हलका घ्या. इंचाला साडेसहा ग्रेनचा धरला तर शाफ्टचे १७५, पॉइंटचे १००, पिन, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि छोट्या वेन (मागची प्लास्टिकची पिसं) मिळून वीसेक, म्हणजे बाण साधारण २९५ ग्रेनचा. प्रत्येक पौंडामागे निदान ५ ग्रेन, म्हणजे तुम्हाला २५० ग्रेन, ही खालची मर्यादा सोडू नका. त्याहून हलका बाण म्हणजे धनुष्य रिकामं सोडल्यासारखंच आहे, लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) आणि स्ट्रिंग दोन्हींवर मार बसतो.

बारीक शाफ्ट वाऱ्यासाठी. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडच्या मोकळ्या मैदानांवर आडवा वारा सुटला की जाड आणि बारीक बाणातला फरक बटवर (ज्यावर निशाण लावतात त्या गादीवर) डोळ्यांना दिसतो. इनडोअरला १८ मीटरवर वारा नाही, तिथे उलट जाड शाफ्ट घेतात, कारण रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. वर्ल्ड आर्चरीची जाडीची मर्यादा ९.३ मिलीमीटर आहे.

सरळपणाचे आकडे, .००१, .००३, .००६ इंच, यांवर लोक फार पैसे घालतात. माझं मत विचाराल तर .००३ पुष्कळ झालं. उरलेले पैसे डझनातले सगळे बाण वजनाला सारखे मिळवण्यात घाला. ग्रेन काटा घ्या, बारा बाण एकेक तोला, जे दोन ग्रेनहून जास्त हटतात ते बाजूला काढा. साताऱ्याच्या कंपाउंड तिरंदाज अदिती स्वामीने २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेतेपदाच्या फायनलला १५० पैकी १४९ मारले. पंधरा बाणांत एकच नऊ. ५० मीटरवर दहाची रिंग जेमतेम ८ सेंटिमीटरची असते, तिथे पंधराही बाण एकसारखे उडावे लागतात. ईस्टनच्या एक्स१० सारखा अ‍ॅल्युमिनियम कोअरवर कार्बन चढवलेला, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता बाण त्या पातळीवर वसूल होतो. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

शिकारीच्या बाणाचं गणित वेगळं. तिथे बाण जड हवा आणि थोडा लांब हवा, म्हणजे पूर्ण ओढल्यावर ब्रॉडहेडची (शिकारीच्या धारदार टोकाची) पाती हाताच्या बोटांपासून दूर राहतात. २८ इंच लांबी आणि १२५ ग्रेनचं ब्रॉडहेड धरलं की बाण सॉफ्ट वागायला लागतो, म्हणून स्पाइन ४०० कडे न्यावी लागते. इंचाला साडेआठ ग्रेनचा शाफ्ट २३८, इन्सर्ट (टोक बसवायची आतली नळी) २०, ब्रॉडहेड १२५, वेन आणि नॉक ३०: एकूण ४१३ ग्रेन. तुमच्या धनुष्यातून तो सेकंदाला २२५ फुटांच्या आसपास सुटला तर ऊर्जा ४६ फूट-पौंड होते. हरणासाठी २५ ते ४१ चा पट्टा पुरेसा मानतात, म्हणजे ५० पौंडांत तुमचं काम होतं, ७० पौंडांचं धनुष्य घ्यायला नको. जड बाणाने धनुष्याचा आवाजही कमी होतो, आणि याला तिथे फार महत्त्व आहे. ३० यार्डांना या बाणाला ०.४ सेकंद लागतात. स्ट्रिंगचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो आणि हरिण दचकून खाली दबतं. मग बाण भलत्याच जागी लागतो आणि जनावर तडफडत राहतं. म्हणून ५० मीटरवर तुमचा हात कितीही बसलेला असला तरी तिथे २० ते २५ यार्डांपुढे बाण सोडू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

ब्रॉडहेड तिकडेच घ्या आणि तिकडेच फोमच्या ब्लॉकवर मारून बघा, कारण फिक्स्ड पात्यांचा बाण फील्ड पॉइंटच्याच (सरावाच्या साध्या टोकाच्या) जागी लागेल असं नाही. इथल्या क्लबच्या बटवर ब्रॉडहेड चुकूनही नको, बट फाडून टाकेल. विस्कॉन्सिनमध्ये पातं निदान ७/८ इंच रुंद लागतं. १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना लायसन्ससाठी साधारणपणे हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. भावाला आत्ताच चौकशी करायला लावा.

दोन्ही सेटना लागू असलेली गोष्ट म्हणजे तपासणी. अ‍ॅल्युमिनियम वाकलं की दिसतं, कार्बन आतून तडकतो आणि वरून धडधाकट दिसतो. बाण दोन्ही टोकांना धरून अंगापासून दूर हलका वाकवा, कानाजवळ आणून करकर ऐका, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. मग कापसाचा बोळा नॉकपासून पॉइंटपर्यंत फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे तंतू सुटलाय. असा बाण मोडून फेका, 'सरावाला राहू दे' म्हणून ठेवू नका. तडकलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याचे सुयांसारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. बटवर बाणावर बाण आदळला की दोन्ही तपासायचे, दर वेळी. शिकारीत बाण जनावराच्या अंगात मोडला तर त्या जखमेभोवतालचं मांस काढून टाकतात, कारण कार्बनचे तंतू खाण्यात जाता कामा नयेत.

कापणं आणि पॉइंट बसवणं एखाद्या जाणत्याकडून करून घ्या. हॅकसॉ लावला की टोक चिरतं. वेगाने फिरणारी अब्रेसिव्ह चकती लागते, तोंडाला मास्क लागतो. हॉटमेल्ट (तापवून लावायचा गोंद) वापरताना ज्योत पॉइंटला दाखवायची, शाफ्टला कधीच नाही, नाहीतर आतलं रेझिन जळून टोक कमकुवत होतं.

सध्या फक्त टार्गेटचा डझन मागवा, तोही न कापता. त्याआधी कोणालातरी मागे उभं करून पूर्ण ड्रॉवर बाणावर रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) जागी खूण करून घ्या आणि ते माप, पॉइंटचं वजन आणि धनुष्याचं मॉडेल इथे लिहा. २७ इंच हा आकडा दुकानदाराने सांगितलेला असेल तर त्यावर कापू नका. शिकारीचा अर्धा डझन सप्टेंबरात भावाच्या पत्त्यावर मागवलात तरी पुरे.